पंचायतीने सौरऊर्जेला हात घालायचा तर सुरुवात कुठून? (डिचोली तालुका)

नवा_पंच

नमस्कार. डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीसाठी विचारतो आहे. "गावाने सौरऊर्जेकडे वळावे" असा ठराव ग्रामसभेत झाला. ठरावात याहून एक शब्द जास्त नाही. आता नेमके काय करायचे ते पंचायत मंडळाने ठरवायचे आहे.

पंचायत घराचा स्लॅब १२० चौ. मी. आहे. त्यावर उत्तरेच्या बाजूला जिन्याची खोली आणि टाकी, दक्षिणेला मोकळे, पश्चिमेला दोन माड. सभागृह कौलारू आहे. पंचायतीच्या नावावर चार मीटर: कार्यालय महिन्याला ४०० युनिट, सभागृह २५०, बाजाराची शेड ३००, वाचनालय ५०. पथदीप ४०० च्या आसपास, सगळे ४५ वॉटचे एलईडी. घरे ९००, त्यातली निम्म्याहून जास्त कौलारू.

दोन पंचांचे म्हणणे सौर पथदीप घ्यावेत. सरपंचांना पंचायत घरावर पॅनल हवे आहेत. लोक विचारतात, आमच्या घरांसाठी पंचायत काय करणार? पैसे एकाच कामापुरते आहेत. आधी काय घ्यावे?

---

खांब_क्रमांक_१७

सौर पथदीप घेऊ नका. उद्घाटनाच्या फोटोत बरे दिसतात, एवढेच. प्रत्येक खांबावर वेगळे पॅनल, वेगळी बॅटरी, वेगळा कंट्रोलर म्हणजे ४०० दिव्यांना १,२०० वस्तू सांभाळायच्या. जुलैत तीन-चार दिवस सलग सूर्य दिसत नाही, बॅटरी तळाला जाते आणि वारंवार तळाला गेली की मरते. शिवाय आपल्याकडे रस्त्याचा दिवा म्हणजे बहुतेक वेळा माडाच्या किंवा आंब्याच्या सावलीतला दिवा. जिथे विजेची लाइन पोचतच नाही, अशा स्मशानभूमी, नदीचा धक्का वगैरे चार-पाच जागांपुरते ते ठीक. तिथेही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मागा. सीलबंद लेड-ॲसिड खांबावरच्या उन्हात टिकत नाही.

त्याऐवजी आधी हा हिशेब करा. ४०० दिवे × ४५ वॉट = १८ किलोवॉट. हे दिवे रोज गरजेपेक्षा एक तास जास्त जळत असतील, म्हणजे संध्याकाळी उजेड असताना लागतात आणि सकाळी कोणीतरी आठवण होईल तेव्हा बंद करतो, तर दिवसाला १८ युनिट, वर्षाला ६,५७० युनिट वाया गेले. एवढी वीज तयार करायला जवळजवळ ५ किलोवॉटचे पॅनल लागतात. गोव्यात सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. साध्या टायमरवर वर्षभर एकच वेळ लावून ठेवली की तासाभराचा घोटाळा ठरलेलाच. अक्षांश-रेखांश भरून घेणारा ॲस्ट्रॉनॉमिकल टायमर तारखेप्रमाणे वेळ स्वतः बदलतो. उजेड ओळखणारा फोटोसेलही चालतो, पण त्याच्या काचेवर शेवाळ धरले की दिवा दुपारी लागतो.

खांब आणि वायर वीज खात्याच्या. तेव्हा पंचायतीने स्वतः काही जोडायचे नाही. कोणत्या स्विच पॉइंटवर किती दिवे, हे खांब क्रमांकांसह लिहून उपविभागाकडे अर्ज द्या. या यादीत एकाच खांबावरचे दुहेरी दिवे आणि कोणाच्या तरी अंगणात लागलेले "पथदीप"ही सापडतात, तो वेगळा विषय.

---

जंक्शन_बॉक्स

वरचे पटले. आता पंचायत घराबद्दल.

तुमचे चार मीटर मिळून महिन्याला १,००० युनिट, वर्षाला १२,०००. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनल नीट बसवले तर वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट देते. कोरड्या महिन्यांत दिवसाला साडेचार-पाच, जुलै-ऑगस्टमध्ये दोन-अडीच. तेव्हा ९ ते १० किलोवॉट. ५५० वॉटचे १८ पॅनल = ९.९ किलोवॉट. एक पॅनल साधारण २.२८ × १.१३ मी., म्हणजे नुसते पॅनल ४६ चौ. मी.; ओळींमधले अंतर आणि चालायची वाट धरून ८० ते १०० चौ. मी. तुमच्या स्लॅबवर बसते, पण कट्ट्याला चिकटवू नका. कडेला वाऱ्याची उचल सर्वांत जास्त असते.

अडचण पुढे आहे. १० किलोवॉट नुसते कार्यालयाच्या मीटरवर जोडले तर तिथे वर्षाला खप ४,८०० युनिट आणि उत्पादन १३,०००. उरलेली वीज ग्रिडमध्ये जाईल, वर्षअखेर तिचा हिशेब वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने होईल आणि बाजाराच्या शेडचे बिल मात्र पूर्ण येत राहील. म्हणून अर्ज करतानाच ग्रुप नेट मीटरिंगचा करा: एका जागची निर्मिती त्याच ग्राहकाच्या बाकीच्या मीटरांवर वळती होते. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांच्या संयुक्त वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत ही सोय आहे. अट एकच: चारही जोडण्या अक्षरशः एकाच नावावर हव्यात. एका बिलावर "सरपंच", दुसऱ्यावर "सचिव, ग्रामपंचायत" आणि वाचनालयाच्या बिलावर कुठल्या तरी जुन्या मंडळाचे नाव, अशी खिचडी असते. ती आधी निस्तरा. थकबाकी असेल तर तीही.

निविदेत "१० किलोवॉट सौर संच, पूर्ण" एवढेच लिहून चालत नाही. खालील गोष्टी शब्दांत उतरल्या पाहिजेत:

सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला), थर किमान ८० मायक्रॉन. जागेवर कापायचा-वेल्ड करायचा नाही, कारण कापलेल्या टोकापासूनच गंज सुरू होतो आणि वरून मारलेला चंदेरी रंग एक पावसाळा काढतो. बोल्ट एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४. समुद्राच्या किंवा खाडीच्या जवळच्या पंचायतींनी ३१६ मागावेत आणि पॅनलला मीठ-धुक्याच्या चाचणीचे, आयईसी ६१७०१ चे, प्रमाणपत्र मागावे. पणजीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरला आहे, म्हणजे ताशी १४० किमी. सांगाड्याचा हिशेब त्यावर केलेला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा हवा. स्लॅबला भोके पाडायची नसतील तर काँक्रीटचे ठोकळे चालतात, पण ठोकळ्याचे वजन हिशेबातून आले पाहिजे, गवंड्याच्या अंदाजातून नव्हे.

कल १५ अंश, दक्षिणेकडे. "पाऊस पॅनल धुतो" म्हणून ५ अंशांवर आडवे टाकणारे भेटतील. खालच्या फ्रेमच्या काठाला पाणी साचते, तिथे लाल धूळ बसते, त्यावर शेवाळ धरते आणि नेमकी खालची सेलची ओळ झाकली जाते. डिचोली-सत्तरीत खनिजाच्या ट्रकांची धूळ ही नेहमीच्या धुळीपेक्षा चिवट. धुवायला विहिरीचे लोहयुक्त पाणी वापरून उन्हात वाळू दिले तर तांबूस डाग राहतात. सकाळी लवकर, मऊ पुसणीने, पावसाचे साठवलेले पाणी असेल तर उत्तम.

अर्थिंगचे खड्डे तीन: डीसी (पॅनलची बाजू), एसी (ग्रिडची बाजू) आणि आकाशातल्या विजेसाठीचा लायटनिंग अरेस्टर. जांभ्या दगडात हा सगळ्यात फसवा भाग. ऑगस्टमध्ये ओल्या मातीत मोजले की ३ ओहम दाखवते, सही होते, बिल निघते. तोच खड्डा एप्रिलमध्ये मोजा, आकडा कितीतरी पट वर गेलेला असतो. आणि गोव्यात वळवाच्या विजा पडतात त्या मे महिन्यात, जमीन कोरडी असतानाच. म्हणून निविदेत लिहा: ५ ओहमच्या आत, मोजणी एप्रिल-मे मध्ये, तोवर ठरावीक रक्कम राखून ठेवली जाईल. चिरा लागला की दोन फुटांवर थांबून इलेक्ट्रोड कापतात, तेव्हा खड्डा बुजवण्याआधी पंचायतीचा माणूस तिथे उभा हवा.

बारीकसारीक: केबल बांधायला नायलॉनच्या पट्ट्या नकोत, दोन उन्हाळ्यांत तुटतात आणि केबल स्लॅबवरच्या पाण्यात लोळते. कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगवेगळ्या कंपन्यांचे जुळतात असे वाटते, पण सैल राहतात, तापतात, वितळतात. बॉक्सच्या खालच्या भोकाला ग्लँड लावला नाही तर पाल आणि मुंग्या मुक्कामाला येतात आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारा) मेलेला कळत नाही. त्याची छोटी खिडकी हिरवी आहे की लाल, एवढे बघायला शिपायालाही शिकवता येते.

---

घरपट्टी_पावती

दोघांनीही पंचायतीच्या दिव्यांबद्दल आणि छपराबद्दल लिहिले. छपरावर १० किलोवॉट. गावात ९०० घरे आहेत. त्यातल्या १०० जणांनी ३ किलोवॉट बसवले तर ३०० किलोवॉट होतात, आणि त्यात पंचायतीचा पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती कागदाची मदत. ती पंचायतच करू शकते.

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. ३ किलोवॉट आणि वर कितीही असले तरी ७८,००० वर थांबते. अनुदान अर्जदाराच्या खात्यात थेट जमा होते, आणि इथेच गाडी अडते: वीजबिलावर ज्याचे नाव, त्याच्याच नावाने अर्ज. आपल्याकडच्या अर्ध्या जुन्या घरांची बिले कैलासवासी आजोबांच्या नावावर आहेत. सहहिस्सेदार पाच, त्यातला एक मुंबईत, एक लिस्बनला. वारसा वाटणीची इन्व्हेंटरी पूर्ण होईपर्यंत थांबले तर पॅनलची वॉरंटीची वर्षे नुसत्या वाट पाहण्यात जातील.

त्यामुळे पहिले काम म्हणजे प्रभागनिहाय शिबिर, पण सौर कंपन्यांचे नव्हे, नाव बदलण्याचे. वीज खात्याच्या उपविभागातून नावबदलाला लागणाऱ्या कागदांची यादी लेखी आणा आणि फलकावर लावा. घरपट्टीचे नाव, घर क्रमांक आणि बिलावरचा पत्ता जुळतो का, ते सचिवांनी आपल्या रजिस्टरवरून तपासायचे. न जुळणाऱ्यांची यादी वेगळी. सहहिस्सेदारांच्या संमतीपत्राचा एक मसुदा पंचायतीनेच वकिलाकडून करून ठेवावा आणि त्यात स्पष्ट लिहावे की बिलावरचे नाव बदलल्याने मालकी हक्कात काही फरक पडत नाही. हे एक वाक्य नसेल तर भाऊ सही करत नाहीत.

मुंडकाराच्या घरांची यादी स्वतंत्र ठेवा. घर त्याचे, जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), आणि छपरावर काही नवीन दिसले की नोटीस येते, असा धाक असतो. मुंडकार म्हणून नोंद झालेली असेल आणि वीजजोडणी त्याच्या नावावर असेल तर काम सोपे. नोंद नसेल तर आधी मामलेदारांकडचे ते काम.

आणखी एक, जे पुष्कळ पंचायतींना ठाऊकच नसते: या योजनेत हद्दीत बसलेल्या प्रत्येक घरगुती संचामागे स्थानिक संस्थेला १,००० रुपये प्रोत्साहन आहे. १०० घरे झाली तर १ लाख. शिबिराचा खर्च निघतो.

---

नवा_पंच

आभार. दोन शंका. एक, "पंचायतीने एक पैसा घालायचा नाही, आम्ही पॅनल लावतो, तुम्ही युनिटप्रमाणे पैसे द्या" असा प्रस्ताव आला आहे, २५ वर्षांचा करार. दोन, आदर्श सौर ग्रामसाठी १ कोटी मिळतात असे ऐकले. प्रयत्न करावा का?

---

लेखा_आक्षेप

पहिल्याचे नाव रेस्को. पद्धत वाईट नाही, करार वाईट असतो. बघायचे ते असे. दर दरवर्षी अमुक टक्के वाढणार असे कलम आहे का? असेल तर दहाव्या वर्षीचा दर काढा आणि आजच्या बिलाशी ताडून बघा. किमान युनिट "उचलण्याची" अट आहे का? सभागृह दुरुस्तीसाठी सहा महिने बंद राहिले तरी पैसे द्यावे लागतील. स्लॅब गळायला लागला, आणि आपल्या पावसात दहा-बारा वर्षांत तो गळणारच, तर पॅनल उतरवून वॉटरप्रूफिंग कोणाच्या खर्चाने? पंचायत घर पाडून नवे बांधायचे ठरले तर? कंपनी बुडाली तर संच कोणाचा? या पाच प्रश्नांना कलम क्रमांक दाखवता आला नाही तर सही करू नका. खरे तर १० किलोवॉटसाठी चांगला विकासक येतच नाही; तालुक्यातल्या दहा-बारा पंचायती, शाळा मिळून एकच निविदा निघाली तर दर उतरतो. त्यासाठी गटविकास अधिकाऱ्यांच्या बैठकीत विषय घ्या, आणि गोवा ऊर्जा विकास संस्थेशी, म्हणजे गेडाशी, तेव्हाच बोला.

स्वतःच्या पैशाने करायचे तर काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी यायला हवे. ते नसेल तर निधी असूनही मोकळा होत नाही. वित्त आयोगाच्या निधीत बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच राखलेला, भाग पाणी आणि स्वच्छतेचा. छपरावरचे पॅनल त्यात घुसवू नका, लेखापरीक्षणात सापडते. पंचायत घराला घरगुती अनुदान नाही, हेही लक्षात घ्या. ७८,००० चा आकडा धरून अंदाजपत्रक केलेले दिसते कधीकधी. सौर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे, जुने दरपत्रक असेल तर नवे मागवा. पॅनलची डीसी वीज एसी करणारा इन्व्हर्टर २५ वर्षे चालत नाही, दमट हवेत आठ ते बारा वर्षे धरा. म्हणून वाचलेल्या बिलातला काही भाग दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकण्याचा ठराव आताच करून घ्या. पुढचे मंडळ करणार नाही.

आदर्श सौर ग्राम: जिल्ह्याला एक गाव, १ कोटी. ५,००० च्या वर लोकसंख्येचे महसुली गाव लागते. महसुली गाव, पंचायत नव्हे. आपल्या कित्येक पंचायतींत दोन-तीन महसुली गावे मिळून ती संख्या होते, आणि तिथेच नाव गळते. पात्र गावांमध्ये सहा महिन्यांची स्पर्धा असते आणि ज्या गावात एकूण अपारंपरिक क्षमता जास्त ते जिंकते. म्हणजे पुन्हा घरपट्टी_पावती यांच्या मुद्द्यावर येता: बक्षीस घरांच्या छपरांवर मिळते.

कोइमतूर जिल्ह्यातल्या ओडनथुराई पंचायतीने २००६ मध्ये ३५० किलोवॉटची पवनचक्की बँकेच्या कर्जातून घेतली, ते उदाहरण बैठकीत कोणीतरी देईलच. त्यांच्याकडे पालघाट खिंडीचा वारा आहे. आपल्याकडे नाही. घेण्यासारखे आहे ते वीजविक्रीच्या पैशातून कर्ज फेडण्याचे गणित.

---

शंभर_युनिट

घरपट्टी_पावती यांच्या १०० घरांना माझी हरकत. सरसकट लोकांना उभे करू नका. गोव्यातला घरगुती दर टप्प्यांचा आहे आणि पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी. दोन म्हातारी माणसे राहतात, महिन्याला ८० युनिट, अशा घराला ३ किलोवॉट म्हणजे अनुदान वजा जाऊनही लाखभर रुपये अडकवणे. ते बिलातून फिटायला आयुष्य पुरणार नाही. पंचायतीच्या शब्दावर विश्वास ठेवून कर्ज काढले की दोष पंचायतीवर.

आधी बारा महिन्यांची बिले मागवा. सरासरी ३०० युनिटांच्या वर असलेली घरे, एसीवाली, होमस्टे, पिठाची गिरण, थंड पेयांचे दुकान, इथून सुरू करा. पॅनल वरच्या टप्प्यातले महाग युनिट आधी खाते. २०० च्या आसपास असेल त्याला २ किलोवॉट पुष्कळ. त्याखाली असेल तर एलईडी, पाच तारांकित फ्रिज आणि कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा सांगा. ७५ वॉटच्या जागी २८-३० वॉट.

आणि प्रत्येक शिबिरात मोठ्याने सांगा: साधा ग्रिडला जोडलेला संच वीज गेली की बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. लाइनमनच्या जिवासाठी तशी रचना आहे. वीज जाऊ नये म्हणून सौर घेणाऱ्याला बॅटरीवाला हायब्रिड लागतो आणि त्याचा खर्च वेगळा. हे न सांगितल्यामुळे जूनच्या पहिल्या वादळात गावात जी चर्चा होते, तिने पुढची वीस घरे मागे फिरतात. सरकारी अनुदानासाठी पॅनल देशी सेलचे, डीसीआर, लागते हेही सांगा. स्वस्त म्हणून दुसरे लावले तर अनुक्रमांक तपासताना अर्ज बाद होतो.

---

घरपट्टी_पावती

मान्य. १०० हा आकडा समजावण्यापुरता होता, बिले बघूनच यादी करावी.

---

जंक्शन_बॉक्स

कौलारू घरांबद्दल राहिले. कौलाला भोक पाडून बोल्ट मारणारा ठेकेदार दारातूनच परत पाठवा. कौल काढायचे, खाली वाशाला हुक स्क्रूने बसवायचा, रिपेला नाही. वरच्या कौलाला ग्राइंडरने खाच करून ते परत ठेवायचे. पॅनल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला १५ किलो धरा. वासे माट्टीचे आणि धड असतील तर पेलतात, वाळवी लागलेले किंवा माडाचे जुने असतील तर नको. माणसे वर चढली की कौले फुटतातच, तेव्हा त्याच साच्याची ४०-५० जादा कौले आधी मिळतात का बघा. पुष्कळ घरांना मागे पडवीवर किंवा बाथरूमवर छोटा स्लॅब असतो; २ किलोवॉटला चार पॅनल लागतात, ते तिथे उंच सांगाड्यावर बसतात आणि कौलांना हात लावावा लागत नाही.

दुसरी गोष्ट सुरुवातीला कोणी बघत नाही. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना २०२४ च्या दुरुस्तीनंतर तांत्रिक तपासणी लागत नाही. अर्ज झटपट होतात, पण लाइन तीच राहते. ट्रान्सफॉर्मरपासून लांब, वाड्याच्या टोकाला पाच-सहा घरांनी संच लावले, सगळे सिंगल फेज आणि योगायोगाने एकाच फेजवर, तर दुपारी बारा ते दोन व्होल्टेज २५० च्या वर चढते. इन्व्हर्टर बंद होतो, पाच मिनिटांनी सुरू होतो, पुन्हा बंद. मालकाला वाटते पॅनल खराब. ठेकेदार येऊन इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून जातो. मग शेजाऱ्याचा फ्रिज सोसतो.

म्हणून पंचायतीने एक वही ठेवावी: कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर कोणती घरे, कोणत्या फेजवर, किती किलोवॉट. तक्रार आली तर इन्व्हर्टरच्या ॲपमधले दुपारचे व्होल्टेजचे आकडे आठवडाभर टिपून अर्जाला जोडा आणि फेज वाटून द्यायची मागणी करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. नाही भागले तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलणे, आणि शेवटी जाड वायर.

---

नवा_पंच

पश्चिमेच्या दोन माडांचे काय? सरपंच तोडायला निघालेत. आणि बाजारातल्या ओल्या कचऱ्यावर बायोगॅस करावा का?

---

खांब_क्रमांक_१७

तुमचा ओला कचरा साळगावच्या प्रकल्पात जात असेल तर तिथे त्याचा बायोगॅस आणि वीज होतेच. गावात वेगळा संच तेव्हाच, जेव्हा शेजारीच गॅस रोज वापरणारे स्वयंपाकघर आहे आणि कचरा निवडायला ठरलेला माणूस आहे. दोन्हींपैकी एक नसेल तर टाकीत नुसते पाणी राहते.

माड तोडू नका. १८ पॅनल ९-९ च्या दोन स्ट्रिंगमध्ये (एकापाठोपाठ जोडलेल्या माळांत) करा आणि दोन एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा भाग) असलेला थ्री-फेज इन्व्हर्टर घ्या. पश्चिमेकडची स्ट्रिंग एका एमपीपीटीवर, पूर्वेकडची दुसऱ्यावर. माडांची सावली दुपारी तीन-साडेतीननंतर येईल, तेव्हा एकाच स्ट्रिंगला बसेल आणि दिवसाचे बहुतेक उत्पादन तोवर झालेले असते. चुडत (झावळी) आणि नारळ पडण्याच्या टप्प्यात मात्र पॅनल नको, झावळ्यांच्या घेरापासून दोन मीटर आत या. नारळ काढणाऱ्याला सांगून ठेवा. जिन्याच्या खोलीची फार काळजी नको: डिसेंबरात दुपारची सावली उत्तरेला पडते, आणि मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेला पडते, पण अडीच मीटरच्या खोलीची जेमतेम एक-दीड वीत. खोलीपासून मीटरभर सोडून पहिली ओळ घ्या.

आराखडा पक्का करण्याआधी कोरड्या दिवसांत एकदा सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता स्लॅबवर खडूने सावल्या आखून फोटो काढा आणि तो निविदेला जोडा.